हळद लागलेलं धोतर

आमच्या घरात पांढऱ्या कपड्याचं आयुष्य साधारण एका जेवणाचं असतं. दहीभात असला तर कपडा रात्रीपर्यंत तग धरतो, आमटी असली तर पहिल्या भुरक्यालाच निकाल लागतो. त्यामुळे मुंजीला निघताना मी पांढरा झब्बा घातला, तेव्हा बायकोनं मला वरपासून खालपर्यंत एकदा पाहिलं आणि काही बोलली नाही. चौदा वर्षांच्या संसारात तिचं न बोलणं मला चटकन समजायला लागलंय. समजून माझ्यात काही फरक पडत नाही, हे तिलाही समजायला लागलंय.

मुंजीत रीतसर पंगत होती. अळूचं फदफदं, मसालेभात, जिलबी, मठ्ठा. धाकटा माझ्या शेजारी बसला होता. वय वर्षं सहा. त्याला वाढप्यानं कागदी रुमाल दिला होता. तो त्यानं नीट घडी घालून खिशात ठेवला, कारण "वापरला तर घाण होईल." आणि हात पुसले माझ्या पाठीला. दोन्ही हात, पाची बोटं पसरून, शांतपणे. वास्तुशांतीला दाराच्या बाजूला हळदीचे हात उमटवतात ना, तसा मी उरलेल्या समारंभात हिंडत होतो. मुंजीच्या मुलाच्या मामानं तर मला नमस्कारही केला.

रात्री मी चूक केली. घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर विचारलं, की पांढऱ्या झब्ब्यावरचा जेवणाचा डाग कसा काढावा. दहा मिनिटांत सतरा उत्तरं आली. लिंबू चोळ. मीठ चोळ. टूथपेस्ट लाव. टाल्कम पावडर टाकून इस्त्री फिरव. गरम पाण्यात भिजव. गरम पाण्याला हातसुद्धा लावू नकोस. एका काकांनी सुप्रभातचं चित्र पाठवलं, पण ते त्यांचं नेहमीचंच. खरी मारामारी पुढे झाली, पावडर कोणती यावर.

माझं प्रामाणिक मत आहे, की कपडे धुण्याचा साबण हा आपल्याकडे कुळाचार आहे. देवघरातले टाक आणि मोरीतली पुडी ही घराण्यात वरून खाली येतात, त्यात कुणी तर्क लढवत नाही. लग्न जमवताना पत्रिका बघतात, नाडी बघतात, पगाराची स्लिप बघतात. "तुमच्याकडे कपडे कशानं धुतात?" हे कुणी विचारत नाही आणि मग मुलगी सासरी येऊन निळ्या पुडीसाठी झुरते. आमच्या मोरीत आईची पिवळी वडी आणि बायकोच्या माहेरची निळी पुडी चौदा वर्षं शेजारी शेजारी उभ्या आहेत. आघाडी सरकारासारख्या. समान कार्यक्रम एकच, पाडायचं नाही.

हे भांडण काही आमच्या घरापुरतं नाही. सर्फ भारतात आली 1959 मध्ये. तोवर धुणं म्हणजे वडी, सोडा आणि मनगट. मग 1969 मध्ये अहमदाबादला करसनभाई पटेल नावाचे सरकारी खात्यातले एक रसायनज्ञ घरच्या घरी पावडर कालवून, सायकलला पिशव्या अडकवून, दारोदार किलोला तीन रुपये भावानं विकायला लागले. मुलीच्या नावावरून पावडरीचं नाव निर्मा. त्या सायकलीनं मोठ्या कंपनीला असा काही घाम फोडला, की ऐंशीच्या दशकात निर्माच्या मुकाबल्यासाठी टीव्हीवर सर्फच्या ललिताजींना उतरावं लागलं. अॅलिक पदमसींची जाहिरात, कविता चौधरींची भूमिका. निळ्या काठाची साडी, हातात पिशवी आणि भाजीवाल्यालाही घाम फुटावा असा हिशेबीपणा. स्वस्त वस्तू वेगळी आणि चांगली वस्तू वेगळी, हे त्या बाईंनी साऱ्या देशाला कान धरून शिकवलं. माझी आई त्यांची निस्सीम भक्त होती. ती बोलायची ललिताजींसारखं आणि आणायची स्वस्तातली पुडी. हा समन्वय फक्त मध्यमवर्गाला साधतो.

तर ग्रुपवर "आमची" आणि "तुमची" सुरू झालं. थोरली माझ्या खांद्यावरून वाचत होती. ती यंदा सातवीत जाणार. ती म्हणाली, "बाबा, नुसतं काय भांडताय? टेस्ट करून बघा ना."

मे महिन्याचा शेवटचा आठवडा होता. घरात चार मुलं होती. आमची दोन, नागपूरहून सुट्टीला आलेला भाचा आणि तिसऱ्या मजल्यावरचा एक मुलगा, जो सकाळी आठला येतो आणि जेवायला हाक मारली की आमच्याकडेच जेवतो. त्याला आम्ही तिसरा मजलाच म्हणतो. उन्हाळी शिबिरांच्या फिया बघून आमचे डोळे पांढरे झालेले होते. विज्ञान फुकट होतं. मी हो म्हणालो.

कापड हवं होतं, पांढरं, सुती आणि गेलं तरी चालेल असं. आईनं कपाटाच्या तळातून वडिलांच्या धोतरजोडीतलं एक पान काढून दिलं. दुसरं पान कुठंय म्हणून मी विचारलं, तर "आहे" एवढंच म्हणाली. थोरलीनं पट्टी घेऊन त्यावर चौकटी आखल्या. आडव्या रांगा पाच, उभ्या आठ. चाळीस चौकटी, प्रत्येकीला नंबर. वडील हयात असते तर धोतरावर बॉलपेनानं समास मारलेला बघून त्यांनी आम्हाला काय काय म्हटलं असतं ते इथे लिहिण्याजोगं नाही.

उभ्या आठ ओळी डागांच्या. आमरस, हळदीचं वरण, मिसळीची तर्री, जांभूळ, कोकमाचं आगळ, चहा, चॉकलेट आणि अंडं. आडव्या पाच रांगा धुण्याच्या. निळी पुडी, पिवळी वडी, एक महागडी द्रव बाटली (ही आणताना मी किंमत बायकोपासून लपवली, तिनं ती पिशवीतल्या पावतीवर वाचली), आईच्या आग्रहानं रिठा, आणि पाचवी रांग नुसतं पाणी.

पाचव्या रांगेवरून पहिलं रडणं झालं. चार मुलांनी चार रांगा वाटून घेतल्या. रिठा आईनं स्वतःकडे ठेवला आणि चिठ्ठ्या टाकल्यावर तिसऱ्या मजल्याच्या नशिबी पाणी आलं.

"काका, पाणी तर हरणारच आहे. मग मला का दिलं?"

मी त्याला समजावलं, की पाण्यानं किती डाग जातो हेच माहीत नसेल, तर बाकीच्यांनी किती काढला हे कसं कळणार? शास्त्रात याला फार मान असतो. कशाचीच मदत नसलेला एक नमुना लागतोच.

तो विचार करून म्हणाला, "म्हणजे मी नापास झालो की मगच ते पास?"

शास्त्रातली ही गोष्ट इतक्या थोडक्यात मला कुणी सांगितली नव्हती. त्याला मी एक आंबा दिला.

डाग पाडण्याचा कार्यक्रम संध्याकाळी गच्चीवर झाला. आयुष्यात प्रथमच मोठ्या माणसांच्या संमतीनं, लेखी नोंद ठेवून, पांढऱ्या कापडावर आमटी सांडायची होती. मुलांच्या चेहऱ्यावर असा आनंद मी दिवाळीतही पाहिलेला नाही. थोरलीनं नियम केला होता, प्रत्येक चौकटीत एकच छोटा चमचा. नियम तीन चौकटी टिकला. आमरस दोनदा संपला, कारण धाकटा प्रत्येक चमच्याची आधी खात्री करून घेत होता. जांभूळ त्यानं चोखून मग कापडावर घासलं आणि वर, "असंच लागतं शर्टाला, खरं खरं," असा बिनतोड युक्तिवाद केला. तर्रीची वाटी पाहून नागपूरचा भाचा हसला.

"मामा, ही तर्री? आमच्याकडे याला पाणी म्हणतात."

त्यानं स्वयंपाकघरातून तिखटाचा डबा आणून, तेल कडकडीत तापवायला लावून, मामीच्या देखरेखीखाली नवी तर्री करवली. ती कापडावर पडली तेव्हा चौकट ओलांडून शेजारच्या जांभळात गेली. नकाशातला सीमाप्रश्न तिथेच सुरू झाला.

डाग ताजे धुवायचे नाहीत, शिळे करायचे, कारण घरात कुठला डाग ताजा असताना सापडतो? तो सापडतो सोमवारी सकाळी, शाळेची बस आल्यावर. म्हणून धोतर रात्रभर गच्चीवरच्या पत्र्याखाली पसरून ठेवलं. सकाळी बघतो तर मुंग्या. आमरसाच्या पाच चौकटी आणि चॉकलेटच्या पाच चौकटी यांच्यात त्यांनी शिस्तीत दुपदरी मार्ग आखला होता. तर्रीला वळसा. थोरलीनं वहीत गंभीरपणे लिहिलं: "नमुना 7, 15, 23. मुंग्यांकडून अंशतः स्वच्छ." पुढे निकाल पाहता ही नोंद अगदी अस्थानी नव्हती.

आता धुणं. मे महिन्यात आमच्या सोसायटीत नळाला जे येतं ते टँकरचं, म्हणजे कुठल्याशा बोअरचं. निळी पुडी कशीबशी फेसाळली. पिवळ्या वडीला फेस येईना. पाण्यावर नुसती पांढरट साय तरंगायला लागली. आई वडीकडे अशी बघत होती, की चाळीस वर्षांचा माणूस ऐनवेळी फिरला.

"हे दुष्फेन पाणी आहे," थोरलीनं पुस्तकातला शब्द टाकला.

"काय म्हणालीस?" आई दचकली. तिला वाटलं, मुलगी शिवी देतेय किंवा महाभारतातल्या कुठल्या राक्षसाचं नाव घेतेय. मग तिला समजावलं, की पाण्यात कॅल्शियम नि मॅग्नेशियमचे क्षार जास्त असले की साबण कपड्याऐवजी त्यांच्याशीच झोंबत बसतो, त्याचीच ती साय. पावडरीत याच्या बंदोबस्ताचं काहीतरी घातलेलं असतं, वडीत नसतं. आणि फेस आला म्हणजे कपडा निघाला असंही नाही. फेस हा आपल्या समाधानासाठी असतो. आई म्हणाली, "पूर्वी पाणी चांगलं होतं." पूर्वी काय चांगलं नव्हतं, हे मी तिला कधीतरी विचारणार आहे.

आणि मग ती किंकाळी ऐकू आली.

धाकट्याच्या वाट्याला पिवळी वडी आली होती. त्यानं वरणाच्या डागावर वडी घासली आणि पिवळा डाग बघता बघता लालभडक झाला. तो हात वर करून ओरडला, "रक्त!" बायको स्वयंपाकघरातून धावत आली, पायऱ्यांवर एक चप्पल राहिली. तिनं त्याची दहाही बोटं तपासली. आईनं दृष्ट काढायला मीठ आणायला सांगितलं. मला खरं कारण माहीत होतं, पण दोन मिनिटं माझं ऐकायला कुणी रिकामं नव्हतं.

कारण साधं आहे. हळदीतलं कुर्क्युमिन, ज्यामुळे ती पिवळी, ते अल्कधर्मी साबणाशी गाठ पडली की लालसर होतं आणि आंबट लागलं की पुन्हा पिवळं. शाळेत हळदीचा कागद करून हाच प्रयोग करतात. थोरलीनं अर्धं लिंबू आणलं, पिळलं, लाल डाग पुन्हा पिवळा. वडी घासली, लाल. लिंबू, पिवळा. त्यानंतर पाऊण तास त्या मोरीत कुणीही एकही डाग काढला नाही. चारही मुलं सगळं वरण लाल-पिवळं करत बसली. घरातली चार लिंबं संपली, आणि लिंबाचा मे महिन्यातला भाव ज्याला ठाऊक आहे त्याला बायकोचा चेहरा कसा झाला असेल हे सांगायला नको.

जांभळाचीही तीच तऱ्हा. जांभळा डाग साबणाखाली निळसर हिरवट झाला, पालकासारखा. चहाचा डाग वडी लागल्यावर फिका व्हायच्याऐवजी गडद झाला. भाचा म्हणाला, "मामा, हा साबण डाग काढते का रंगवते?" त्याचं बरोबर होतं. आपला स्वयंपाक ही मूळची रंगशाळाच आहे. हळदीनं कापडं रंगवायची कला आपल्याकडे जुनी आहे, आणि आपण तीच हळद रोज ताटात घेऊन पांढरा सदरा घालून जेवायला बसतो, वर डाग पडला की कपाळाला हात लावतो. रंगाऱ्याच्या हौदात उडी मारून ओला झालो म्हणून तक्रार करणारा माणूस आणि मी, आमच्यात फरक करणं कठीण आहे.

अंड्याच्या ओळीत घात झाला. भाच्याकडे महागडी बाटली होती आणि महाग वस्तूला गरम पाणीच शोभतं असं त्याला वाटलं. त्यानं गीझरचं पाणी थेट अंड्यावर ओतलं. पुढे जे व्हायचं तेच झालं. अंडं कापडात शिजलं. बाकीच्या रांगांत गार पाण्यात ते बऱ्यापैकी निघालं, पण त्या एका चौकटीत ऑमलेट झालं आणि तिथेच राहिलं. तेव्हा गरम पाण्याला हात लावू नकोस म्हणणारी माझी मावशी निदान अंड्यापुरती बरोबर होती. मी तिला ग्रुपवर तसं कळवलं, तिनं हात जोडलेलं चित्र पाठवलं.

वास्तविक त्या बाटलीचं खरं बळ तिच्यातल्या विकरांत असतं, आणि विकरांना कोमट पाणी मानवतं, उकळतं नाही. जेवणाच्या ताटावर मुलांनी विकर म्हणजे काय विचारलं आणि मी दुसरी चूक केली. मी त्यांना ओट्टो रोम या जर्मन रसायनज्ञाची गोष्ट सांगितली. शंभरसव्वाशे वर्षांपूर्वी चामडं मऊ करायला कातडी कमावणारे लोक ती कुत्र्याच्या विष्ठेच्या पाण्यात भिजवत. या गृहस्थानं शोधून काढलं, की काम विष्ठा करत नाही, तिच्यातली पचवणारी द्रव्यं करतात. तशीच द्रव्यं जनावराच्या स्वादुपिंडातून काढून त्यानं चामडेवाल्यांना दिली, आणि 1913 मध्ये त्याला वाटलं, की अन्न पचवणारी ही गोष्ट कपड्यावर सांडलेलं अन्नही पचवेल. हीच आजच्या विकरवाल्या साबणांची आजी.

ताटावर क्षणभर शांतता होती. मग धाकटा म्हणाला, "म्हणजे साबण आपली आमटी खातो आणि नंतर..."

बायकोनं त्या वाक्याला तिथेच पूर्णविराम दिला. पुढचे दोन दिवस विज्ञान जेवणाच्या टेबलावर आणायला बंदी होती. मुलं मात्र प्रत्येक कपडा धुवायला टाकताना कुत्र्यासारखं भुंकत होती, आणि जेवताना कुणाच्या सदऱ्यावर थेंब पडला तरी टेबलाखालून भुंकणं यायचं. एका ऐतिहासिक शोधाला इतकी मनापासून दाद मिळताना मी पहिल्यांदा पाहिली.

दुपारी कामाच्या मावशी आल्या. मोरीत चार बादल्या, पाच भांडी, एक लांबलचक कापड आणि लिंबाच्या साली. त्यांनी पदर खोचला.

"काय झालंय?"

"प्रयोग."

"कुठलं घासायचं?"

मी म्हणालो, मावशी, यातलं काहीच घासायचं नाही. पण तोवर तिसऱ्या मजल्याचा केविलवाणा चेहरा त्यांना दिसला होता. बाकीच्यांच्या हाती बाटल्या नि पुड्या, आणि या पोराच्या हाती नुसता मग. त्यांनी त्याच्या रांगेचं कापड उचललं, दगडावर टाकलं आणि ब्रश मारला. दोनच मिनिटं. मनगटाच्या त्या हिसक्यात असं काही होतं, जे कुठल्याही पुडीच्या पाठीवर छापलेलं नसतं. कोकम गेलं, चहा निम्मा गेला, जांभूळ पुसट झालं. तर्री मात्र हलली नाही. तेलातल्या मिरचीच्या रंगाला पाणी कधी हलवू शकत नाही. त्याला साबणाचा तो दुतोंडी रेणूच लागतो, ज्याचं एक टोक तेलाला धरतं आणि दुसरं पाण्याला. थोरली रडवेली झाली. पाण्याची रांग आता पाण्याची राहिली नव्हती, तिला मावशींचा हात लागला होता. वहीत तिनं नवा शेरा मारला: "रांग 5. पाणी अधिक मावशी." मावशींनी तो वाचून घेतला आणि म्हणाल्या, "मग पगारात पण अधिक लिहा."

धोतर गच्चीवर वाळत घातलं. दुसऱ्या दिवशी कुणी काढलं नाही, कारण प्रत्येकाला वाटलं दुसरा काढेल. तेही शास्त्रीयच आहे, आमच्या घरापुरतं. मेच्या शेवटचं ऊन, पत्रा तापलेला, धोतर दोन दिवस करपत होतं. तिसऱ्या दिवशी वळवाच्या ढगांची चाहूल लागली तसे आम्ही सगळे धावलो. आणि बघतो तर हळदीची ओळ कोरी. पाचही चौकटींत. पुडी, वडी, बाटली, रिठा, आणि पाणी अधिक मावशी, सगळीकडे. आमरसाच्या जागी नुसता पिवळसर भास. जे डाग आम्ही दिवसभर घासून, लाल करून, चार लिंबं पिळून हलवू शकलो नव्हतो, ते उन्हानं गुपचूप नेले होते. हळदीचा रंग उन्हात विरतो, हे मला माहीत असायला हवं होतं. मी सगळे स्पर्धक गोळा केले आणि जो जिंकणार त्यालाच बोलवायला विसरलो.

"मी म्हणतच होते उन्हात टाका," आई म्हणाली. ती असं म्हणाली नव्हती. पण आमच्या घरात आई नंतर जे म्हणते ते आधीच म्हटलेलं धरतात.

तिसरा मजला गच्चीभर उड्या मारत होता. "माझ्या पाण्यानं पण गेली! पाण्यानं पण!" त्याच्या नापास होण्यावर बाकीच्यांचं पास होणं अवलंबून होतं, आणि तो पास झाला होता. मग भाच्यानं त्याला त्याची तर्रीची चौकट दाखवली. ती तशीच होती, उन्हाला पुरून उरलेली, नागपूरच्या लौकिकाला साजेशी.

उरलेला निकाल थोडक्यात सांगतो, कारण तो वाचायला मलाही कंटाळा येतो. तर्री आणि चॉकलेट यांत बाटली पुढे, पुडी तिच्या पाठोपाठ. चहात कुणीच धड नाही. रिठ्यानं आमरसावर ठीकठाक काम केलं आणि सगळ्या कापडाला एक पिवळट छटा देऊन ठेवली. आईनं तिला "नैसर्गिक" म्हटलं. वडीनं जे काढलं ते मनगटानं काढलं.

पण वाद मिटला नाही. आई म्हणाली, निळ्या पुडीचं कापड पांढरं नाही, निळसर आहे. बायको म्हणाली, तेच खरं पांढरं. थोरलीला यावर तोडगा सुचला. ती मुलांची वरात घेऊन कोपऱ्यावरच्या वाण्याकडे गेली, कारण त्याच्याकडे नोटा तपासायचा जांभळा दिवा आहे. मी मागोमाग गेलो, दोन गिऱ्हाइकं थांबली होती, आणि वाण्यानं गल्ल्यावर माझ्या वडिलांचं धोतर पसरून घेतलं. दिवा लावला. पुडीची आणि बाटलीची रांग निळसर प्रकाशानं लखलखली, गणपतीतल्या आरासीसारखी. रिठ्याची आणि पाण्याची मात्र मंदच राहिली. पावडरीत डोळ्याला फसवणारी चमक घातलेली असते. ती उन्हातले न दिसणारे किरण घेते आणि निळसर उजेड परत देते, म्हणून पिवळट पडलेलं कापडही शुभ्र वाटतं. जुन्या काळी हेच काम नीळ करायची, जरा ढोबळपणे.

वाण्यानं पुन्हा एकदा दिवा फिरवला. खऱ्या नोटेचा कागद या दिव्याखाली असा लखलखत नाही, मंद राहतो. चमकतात ते फक्त आकडे नि धागे.

"साहेब," तो म्हणाला, "कापड आहे म्हणून ठीक. नोट असती तर ही वरची खोटी आणि खालची खरी."

आईला हे कळलं तेव्हापासून ती निळ्या पुडीचा उल्लेख "खोटी" असाच करते. बायको म्हणते, निदान दिसते तरी चांगली. आघाडी टिकून आहे.

प्रयोगात शेवटचा बिब्बा घातला तो आईनंच, आणि तोही खराखुरा. धोतराची घडी घालताना धाकट्याला कोपऱ्यात एक काळी खूण दिसली. दोन ठिपके आणि एक आडवी रेघ, नखाएवढी. कुणाच्याही चौकटीत ती नव्हती. मुलांना वाटलं, हा एकेचाळिसावा डाग, कुणीतरी चोरून पाडलेला. चौघांनी मिळून त्यावर पुडी लावली, वडी घासली, बाटली ओतली, रिठा चोळला, ब्रश मारला. ती हलली नाही. फिकीसुद्धा झाली नाही.

"राहू द्या," आई म्हणाली. "ती परटाची खूण आहे." गावाकडे सगळ्यांची धोतरं एकाच घाटावर धुवायला जात, आणि सगळी धोतरं सारखीच. मग परीट बिब्ब्यात सुई बुडवून कोपऱ्यात प्रत्येक घराची आपली खूण करायचा, वर चुना लावायचा. हाताला लागला तर बिब्बा उततो, कापडाला लागला तर जन्मभर जात नाही. डाग काढणाऱ्यानंच डाग पाडायचा, आणि तोही न जाणारा, म्हणजे धोतर बरोबर घरी परत येतं. वडिलांच्या घराची खूण दोन ठिपके आणि एक रेघ.

"म्हणजे हे आजोबांचं नाव आहे?" धाकट्यानं विचारलं.

"तसंच समज."

तो मग त्या खुणेवर बराच वेळ बोट फिरवत बसला होता. जांभळाचं बोट होतं. मी काही बोललो नाही.

झब्ब्याचं काय झालं, हे राहिलं. आमच्या दोन दिवसांच्या संशोधनाच्या गडबडीत तो बायकोनं खळबळून आमच्या धोतराशेजारीच दांडीवर वाळत टाकला होता. हळदीच्या पाची बोटांचा मागमूस राहिला नव्हता. अळूच्या फदफद्याचा एक हिरवट अंगठा मात्र पाठीच्या मधोमध आहे. अळूला आम्ही स्पर्धेत घेतलंच नव्हतं.

सोमवारी सकाळी आमटी उतू गेली. मी ओट्याशी धावलो तर आई आधीच फडक्यानं पुसत होती. फडक्यावर बॉलपेनाच्या चौकटी होत्या. मी डबा उघडून पाहिला. धोतराची सहा फडकी झाली होती, थोरलीचे नंबर, भाच्याची तर्री, शिजलेलं अंडं, सगळं त्यांत होतं. बिब्ब्याचा कोपरा नव्हता. मी विचारलं नाही.

धाकटा दात घासता घासता आला, आईच्या हातातलं पिवळं झालेलं फडकं त्यानं पाहिलं आणि तोंडातला फेस सांभाळत म्हणाला, "आजी, थांब, हा कितवा नंबर?"